पाटीवर ‘मिशन’ लिहावे की न लिहावे?

पत्र

मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. आम्ही काही सहकारी सोलापूरच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या विडी घरकुलात विड्या वळणाऱ्या महिलांसाठी व त्यांच्या मुलांसाठी संध्याकाळी वाचन-लेखनाचे वर्ग चालवतो. हे काम आता न्यास म्हणून नोंदवायचे ठरले आहे. आमच्यातील एका तरुण अभियंता मुलीने संस्थेच्या नावाच्या आरंभी ‘मिशन’ हा शब्द सुचवला. बँकेतून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘लोक आपल्याला धर्मांतर करणारे समजतील’ असे सांगून राजीनाम्याची भाषा केली. ते ऐकून, पहिल्यापासून आमच्याबरोबर शिकवणाऱ्या ख्रिस्ती सहशिक्षिका दुखावल्या आहेत. त्यातच मदत देऊ इच्छिणाऱ्या एका कंपनीच्या अर्जात ‘व्हिजन’, ‘मिशन’ आणि ‘ऑब्जेक्टिव्हज’ असे तीन रकाने आहेत आणि तिन्हींत आम्ही तेच ते लिहीत आहोत असे वाटते. या शब्दाचा खरा अर्थ कोणता? तो नावात घ्यावा का? रकान्यात काय लिहावे?

— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आधी निर्णय सांगतो आणि मग त्यामागची कारणे. संस्थेच्या नावात ‘मिशन’ घेऊ नये असे माझे मत आहे. मात्र आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जे कारण दिले त्या कारणासाठी नव्हे. ते कारण स्वीकारून शब्द वगळला तर आपल्या सहशिक्षिकांवर अन्याय होईल आणि इतिहासाशीही ते धरून होणार नाही. अर्जातील रकान्यात मात्र हा शब्द टाळण्याचा प्रश्नच नाही, कारण तेथे त्याला ठरावीक आणि पुष्कळसा निरुपद्रवी अर्थ आहे.

‘खरा अर्थ कोणता’ असे आपण विचारता, पण आपल्या तिन्ही सहकाऱ्यांच्या मनातील अर्थ आपापल्या जागी खरेच आहेत. या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘मिस्सिओ’ असून त्याचा अर्थ धाडणे, पाठवणी असा होतो. सोळाव्या शतकात जेझुइट या कॅथलिक ख्रिस्ती पंथाने आपल्या धर्मगुरूंना दूरदेशी धाडण्याच्या कामासाठी तो वापरला आणि तेथून तो युरोपीय भाषांत रुळला, त्यामुळे त्याचा धर्मप्रसाराशी संबंध आहे हे आपल्या ज्येष्ठांचे म्हणणे निराधार नाही. परंतु अमुक कामासाठी, अमुक ठिकाणी, कोणीतरी अधिकाराने धाडलेली माणसे ही त्यातील मूळ कल्पना धर्माबाहेरही तितकीच चालते. परदेशातील वकिलातीला राजनैतिक व्यवहारात ‘मिशन’च म्हणतात आणि १९६१ च्या व्हिएन्ना करारातही तोच शब्द आहे. १९४२ चे क्रिप्स मिशन आणि १९४६ चे कॅबिनेट मिशन ही ब्रिटिश सरकारने वाटाघाटींसाठी धाडलेली मंडळे होती. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांना शिष्टमंडळ, त्रिमंत्री योजना असे म्हटले आणि त्यावरून कोणी कधी भांडले नाही.

भांडण होते ते आपल्याकडील आणखी एका इतिहासामुळे, आणि त्याकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन धर्मप्रचारक मुंबईत आले आणि त्यांच्या कामातून पुढे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र झाले, १८४२ मध्ये तेथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले आणि एकोणिसाव्या शतकातच सोलापूरही या मिशनच्या ठाण्यांपैकी एक झाले. धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. त्याचबरोबर जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि अहमदनगरची मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हेही तितकेच खरे आहे. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि दक्षिण महाराष्ट्रात ‘मिशन’ म्हणजे दवाखाना असा अर्थ रुजला. ‘आजीला मिरजेला मिशनमध्ये नेले’ असे म्हणणाऱ्या घरांत धर्माचा विचारही कोणाच्या मनात नसे. मनात असे ती शस्त्रक्रिया, तिचा खर्च आणि मुक्कामाची सोय. आपले ज्येष्ठ सहकारी ज्या पिढीचे आहेत त्या पिढीने हा अर्थही ऐकलेला असणार, म्हणून त्यांना त्याची आठवण करून देण्यास हरकत नाही.

शिवाय हा शब्द ख्रिस्ती संस्थांपुरता कधी उरलाच नाही. १ मे १८९७ रोजी स्वामी विवेकानंदांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली तेव्हा त्यांनी तो जाणूनबुजून घेतला होता. संन्याशाने गुहेत न बसता रुग्णालयात, शाळेत आणि दुष्काळात लोकांसाठी राबावे ही कल्पना त्यांना त्यातून मांडायची होती. आपल्या प्रश्नाला याहूनही जवळचा दाखला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा आहे. प्रार्थना समाजाचे प्रचारक असलेल्या शिंद्यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा काढून ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ सुरू केले. ते ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात धर्मशास्त्र शिकून आले होते आणि आपण घेतो आहोत तो शब्द कोठून आला आहे हे त्यांच्याइतके स्पष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल, तरीही त्यांना तो घेण्यात संकोच वाटला नाही. मात्र त्याच संस्थेला त्यांनी ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ असे मराठी नावही दिले. इंग्रजी नाव इंग्रजीत व्यवहार करणाऱ्यांपर्यंत पोहोचले आणि मराठी नावातून संस्था कोणासाठी आहे व काय करते हे वाचताक्षणी कळत होते. आज आपण ज्या पेचात आहात त्यावर शिंद्यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी काढलेला हा तोडगा मला अजूनही सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आता सोलापूरकरांना वेगळे सांगावे लागू नये असे एक उदाहरण. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. तेही ‘मेडिकल मिशन’च होते आणि त्यात सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. भैय्या चौकातील त्यांच्या घराच्या जागी आज त्यांचे स्मारक आहे. अ‍ॅटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी हे पथकातील इतर चौघे टप्प्याटप्प्याने मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्यांनी तेथेच विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. काँग्रेसने ज्या कामासाठी त्यांना धाडले होते ती पथकाची कामगिरी होती. पुढे त्यांनी स्वतःहून जे पत्करले त्याला आपण जीवितकार्य म्हणतो, आणि इंग्रजीत या दोहोंनाही ‘मिशन’ हा एकच शब्द आहे. आपल्या बैठकीतील गोंधळाचा मोठा भाग याच ठिकाणी आहे असे मला वाटते. आपल्याला कोणी धाडलेले नाही. आपण सारे निवृत्तीनंतर किंवा नोकरी सांभाळून आपापल्या मनाने या वर्गांकडे वळलात. त्यामुळे आपले काम या दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि माणसाने आपले जीवितकार्य स्वतःच पाटीवर रंगवून घेणे आपल्याकडे शोभून दिसत नाही.

आपल्या तरुण सहकारी मुलीच्या मनातील अर्थ या दोहोंपेक्षा निराळा आहे आणि तो तिच्या पिढीने सरकारकडून व इस्रोकडून घेतला आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारने पिण्याचे पाणी, लसीकरण, साक्षरता, तेलबिया, दूरसंचार अशा विषयांसाठी ‘टेक्नॉलॉजी मिशन’ काढली. एरवी अनेक खात्यांच्या फायलींतून फिरणारे काम एका प्रमुखाच्या हाती द्यायचे, लक्ष्य ठरवायचे, मुदत ठरवायची आणि त्या मुदतीत ते पुरे करायचे, अशी त्यामागची पद्धत होती. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ चे. प्रौढांच्या वर्गांची ती धामधूम शिक्षिका म्हणून आपल्याला आठवत असेलच. पुढे ग्रामीण आरोग्य, स्वच्छ भारत, स्मार्ट सिटी, जल जीवन अशी रीघ लागली आणि सोलापूरचे नाव २०१६ च्या आरंभी स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत आले तेव्हा हा शब्द शहरातील रिक्षावाल्यांच्याही तोंडी बसला. या अर्थाचा प्राण मुदतीत आहे. चांद्रयान-३ चे लँडर आणि रोव्हर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले तेव्हा त्यांची कामगिरी एका चांद्र दिवसाची, म्हणजे पृथ्वीवरच्या सुमारे १४ दिवसांची, आखलेली होती. तेवढे दिवस भरले आणि ती पूर्ण झाली. जमिनीवरच्या मिशनांना इतकी शिस्त जमत नाही. घरोघर नळाचे पाणी देण्यासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनची मुदत २०२४ ची होती, ती २०२८ पर्यंत वाढवली गेली. मुदत वाढवता येते म्हणून तो शब्द खोटा ठरत नाही, पण मुदतच नसलेल्या कामाला तो लावला की पोकळ वाटू लागतो. आपले वर्ग अमुक तारखेला संपणार आहेत काय? मुले दरवर्षी नवी येतील, सासुरवाशिणी नव्या येतील आणि वर्ग चालूच राहतील.

नावात हा शब्द नको असे मी म्हणतो त्याचे पहिले कारण हे. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. आज ‘मिशन’ने सुरू होणारे नाव वाचले की सामान्य माणसाला सरकारी योजना वाटते, आणि अशा नावांची बनावट संकेतस्थळे काढून नोकरभरतीच्या नावाखाली लोकांकडून पैसे उकळल्याचे प्रकार घडले आहेत. ‘मिशन’ या शब्दावर कायद्याने बंदी नाही. परंतु शासनाचा आश्रय असल्याचा भास निर्माण करणाऱ्या नावांना १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याचा अडसर आहे. ‘राष्ट्रीय’ किंवा ‘महाराष्ट्र’ असे काही जोडून नाव भारदस्त करण्याचा मोह कोणाला झालाच, तर न्यासांची नोंदणी करणाऱ्या धर्मादाय कार्यालयात अडचण येऊ शकते. शिवाय घरकुलातील बायका पहिल्याच दिवशी ‘या योजनेत किती पैसे मिळतात’ असे विचारतील, आणि त्यांचे विचारणे चुकीचेही नसेल.

तिसरे कारण केवळ सोलापूरचे आहे आणि ते आपल्या बैठकीत कोणी मांडले नाही याचे मला थोडे नवल वाटले. पूर्व भागातील आपल्या अनेक विद्यार्थिनींच्या घरी तेलुगू बोलली जाते, आणि बोली तेलुगूत ‘मिशन’ म्हणजे यंत्र, विशेषतः शिवणयंत्र. ‘कुट्टु मिशन’ हा तेथील रोजचा शब्द आहे. मराठी बोलीतही ‘शिलाई मिशीन’ आहेच. आपल्या पाटीवर तो शब्द वाचून चार जणी शिवणाचा वर्ग समजून किंवा मोफत यंत्राच्या आशेने आल्या, तर त्यांना परत पाठवताना आपल्यालाच वाईट वाटेल. (आल्याच तर त्यांना अक्षरे शिकवायला बसवावे, हे आपल्याला मी सांगायला नको.) तेव्हा नाव साधे आणि कामाचे असावे. ‘वाचन वर्ग’, ‘संध्याशाळा’ यांसारखा एखादा शब्द आणि जागेचे नाव एवढे पुरे, आणि पाटी मराठीबरोबर तेलुगू व कन्नडमध्येही असावी. इंग्रजी पत्रव्यवहारासाठी वेगळे नाव हवे असेल तर शिंद्यांची वाट मोकळी आहे, परंतु न्यासपत्रात दोन्ही नावांचा उल्लेख करावा, म्हणजे बँकेत खाते उघडताना घोळ होणार नाही.

आता अर्जाविषयी. कंपन्यांच्या भाषेतील हे तीन रकाने एकमेकांत मिसळतात, कारण बहुतेक संस्था तिन्हींत ‘समाजाचा सर्वांगीण विकास’ असेच काहीतरी लिहितात. महाविद्यालयांच्या दर्शनी भिंतींवरील संगमरवरी पाट्यांतही हेच असते आणि त्या कोणी वाचत नाही. ‘व्हिजन’मध्ये आपल्याला पुढे कोणती स्थिती दिसावी असे वाटते ते लिहावे, तेथे आपण स्वतः कर्ते नसतो. उदाहरणार्थ, ‘विड्या वळणाऱ्या घरातील प्रत्येक स्त्रीला आपल्या मजुरीचा हिशेब स्वतः वाचता यावा.’ ‘मिशन’मध्ये ती स्थिती यावी म्हणून आपण रोज काय करतो, कोणासाठी आणि कोठे करतो, हे एका वाक्यात यावे: ‘सोलापूरच्या पूर्व भागातील आणि कुंभारीच्या विडी घरकुलातील महिलांना व त्यांच्या मुलांना आम्ही संध्याकाळच्या वर्गांतून, त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून, वाचणे, लिहिणे आणि हिशेब करणे शिकवतो.’ आपण वर्गात आज जे करता त्याहून एक शब्दही अधिक त्या वाक्यात नसावा. आरोग्यशिबिर एकदा भरवले म्हणून ‘आरोग्य’ जोडू नये, कारण कंपनीचा माणूस पाहणीला आला की नेमके तेच विचारतो.

‘ऑब्जेक्टिव्हज’ म्हणजे वर्षअखेर मोजता येतील अशी उद्दिष्टे, आणि येथे आकडे हवेत. किती जणी सही करू लागतील, किती जणी बँकेचे पासबुक आणि विडीच्या पान-तंबाखूचा हिशेब वाचू शकतील, हे मागील वर्षाच्या हजेरीवरून ठरवावे. केंद्राच्या ‘उल्लास’ या नवसाक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांची चाचणी होते. तिला आपल्या किती विद्यार्थिनी बसतील हे उद्दिष्ट ठेवता येईल, म्हणजे आपल्या कामाची तपासणी बाहेरच्या कोणीतरी केलेली असेल. अर्ज भरण्यापूर्वी एक गोष्ट कंपनीला स्पष्ट विचारावी. ही मदत सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या, निधीतून असेल तर न्यासाकडे आयकर सवलतीसाठीच्या, १२ए व ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, नोंदण्या आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. नोंदणी झाल्याबरोबर पैसे हाती येतील अशी अपेक्षा ठेवल्यास निराशा पदरी येईल. आजवरच्या वर्गांची हजेरीपत्रके, छायाचित्रे आणि खर्चाच्या पावत्या मात्र आतापासूनच जपून ठेवाव्यात. नोंदणीच्या वेळी धर्मादाय कार्यालयात न्यासपत्रातील उद्देशांचे कलम तपासले जाते. शिक्षण हा धर्मादाय उद्देश आहेच, म्हणून आपला वेळ नावापेक्षा त्या कलमाच्या शब्दांवर खर्च करावा.

राहिली माणसे. बँकेतून निवृत्त झालेल्या सहकाऱ्यांशी आपण एकट्याने, बैठकीबाहेर बोलावे. लोक काय समजतील ही त्यांची काळजी त्यांना खुशाल मांडता येईल, पण ती मांडताना समोर बसलेल्या सहकारी बाईंचा धर्म संशयाच्या जागी उभा केला गेला, हे त्यांना स्पष्ट सांगावे. ते समंजस असतील तर स्वतःहून त्यांच्याकडे जातील, आणि न गेल्यास आपण फार ताणू नये. सहशिक्षिकांना मात्र हे कळले पाहिजे की शब्द वगळला तो त्यांच्यामुळे नाही. तोंडी सांगणे पुरेसे होणार नाही, म्हणून बैठकीच्या इतिवृत्तात खरी कारणे लिहावीत: कामाला मुदत नाही, नावातून सरकारी योजनेचा भास होतो आणि तेलुगू भाषकांचा गैरसमज होऊ शकतो. ठरावाला सूचक म्हणून त्या तरुण मुलीचे नाव असावे आणि अनुमोदक म्हणून, त्या राजी असतील तर, सहशिक्षिकांचे. मुलीला तिचा शब्दही देता येईल. दिवाळीपर्यंत कुंभारीतील एखाद्या गल्लीतील सर्व बायकांनी सही शिकावी अशी मोहीम तिने आखली, तिला तारीख दिली आणि तिची प्रमुख तीच झाली, तर त्या मोहिमेला ‘मिशन’ म्हणण्यास माझी, आणि मला वाटते आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचीही, काही हरकत असणार नाही.